काही कळत नसेल तर

सकाळी चहाचं आधण ठेवून कुमुदिनीबाई वर्तक गॅलरीत आल्या की खालची आळी कान टवकारायची. बाईंनी उभा जन्म रेडिओ केंद्रावर निवेदन केलेलं. निवृत्त होऊन जमाना झाला, पण जित्याची खोड म्हणतात ती अशी.

“खोतांच्या विनायकानं गाडी बाहेर काढली आहे,” बाई वरून सुरू करायच्या, “हेल्मेट मात्र आजही घरीच विश्रांती घेत आहे. वारा पश्चिमेचा, समुद्र किंचित रुसलेला. तोडणकर वहिनी, मासेवाली तुमच्या दारात येऊन ठेपली आहे आणि आपण अजून आंघोळीच्या विचारात आहात!”

आळी पोट धरून हसायची. सत्तरी ओलांडलेली बाई, पण शब्द अडखळेल तर शपथ! मग एखाद्या नवख्याला कुणीतरी हळूच सांगायचं, की काही वर्षांपूर्वी याच बाई दुधाला दूध म्हणायचं विसरल्या होत्या. पातेल्याकडे बोट दाखवून ‘ते पांढरं, ते पांढरं’ म्हणायच्या आणि शब्द सापडला नाही म्हणून लहान मुलासारख्या रडायच्या.

ही सगळी करामत त्यांच्या उजव्या कानामागच्या स्मरणदाण्याची. ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र. आठवणी त्याच्यात नसतात बरं का, त्या मेंदूतच असतात. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते विसरणाऱ्या माणसाला सापडत नाही, एवढंच. दाण्याला वाट ठाऊक असते. एखादं नाव हवं झालं की दाणा त्या कप्प्याचं दार ठोठावतो, आतून ओ आली की नाव जिभेवर हजर. आता देशभर लाखो कानांमागे असा दाणा होता. त्या दाण्याचा गाभा, म्हणजे आतल्या सगळ्या कामांवर हुकूम चालवणारी मुळातली आज्ञावली, ज्या मंडळींनी लिहिली त्यांच्यात कुमुदिनीबाईंची लेक शाल्मली होती. आईचा तो धबधबा ऐकला की तिचा ऊर भरून यायचा. का नाही येणार?

त्या दिवशी वडिलांचा वाढदिवस होता. ते जाऊन आता आठ वर्षं झाली होती, पण शाल्मलीनं त्यांच्या आवडीचं घावन-घाटलं केलं. आईच्या ताटात वाढता वाढता ती सहज म्हणाली, “बाबा असते तर पहिल्या घावनाला नावं ठेवली असती, आणि दहावं खाताना कौतुक केलं असतं. नाही गं आई?”

“श्रीधर वर्तक,” आई लगेच म्हणाली. “पोस्टात होते. हृदयविकारानं गेले. स्वभावानं शांत. घाटलं वाढ की आणखी जरा.”

शाल्मलीच्या हातातली पळी तशीच राहिली. एकही शब्द चुकीचा नव्हता, पण बातम्या सांगितल्यासारखं सांगून आई जेवायला लागली होती. आजार अगदी टोकाला होता, स्वतःचं नावसुद्धा सुटलं होतं, तेव्हाही कुणी ‘श्रीधर’ म्हटलं की आईचे डोळे दाराकडे जायचे. आज ते घाटल्याच्या पातेल्याकडे गेले. शाल्मलीला एकाएकी फार भीती वाटली.

जेवण तसंच टाकून ती कार्यालयात गेली. खाडीकाठच्या त्या इमारतीत सगळ्यांच्या खिडक्यांतून पाणी दिसायचं, आणि दुपारी छतावर पाण्याचे कवडसे हलत राहायचे. इरफान मुल्ला त्या कवडशांखाली डबा खात बसला होता. दाण्यातला साठवणीचा ड्रायव्हर, म्हणजे गाभा आणि मेंदूतले कप्पे यांच्यामधला निरोप्या, तो इरफानच्या ताब्यात होता.

“आईच्या दाण्याचा नकाशा उघड,” शाल्मली म्हणाली.

“बस तरी आधी. पाणी घे.”

“इरफान, उघड.”

पडद्यावर कप्प्यांचा नकाशा आला. बरेच कप्पे हिरवे होते. पण खोलवर, आतल्या बाजूला, करड्या ठिपक्यांचा एक मोठा पट्टा पसरला होता.

“हे करडे कप्पे मेलेत?”

“गाभ्याच्या मते मेलेत,” इरफान म्हणाला. “दार ठोठावलं, दोन सेकंद वाट पाहिली, ओ नाही. असं तीनदा झालं की दारावर फुली. फुली पडली की पुन्हा त्या वाटेला जायचं नाही.”

“दोन सेकंद कुणी ठरवलं?”

इरफाननं डबा बाजूला सारला. “खरं सांगू? कुणीच नाही. हा ड्रायव्हर मुळात मोठमोठ्या यंत्रखोल्यांसाठी लिहिलेला. तिथं माहिती साठवणाऱ्या हजारो तबकड्या रांगेनं लावलेल्या असतात. एक गप्प बसली की मागच्या सगळ्यांचा खोळंबा. म्हणून नियम असा, की जी उत्तर देत नाही ती मेली समजा, दुसरी बसवा, पुढे चला. आपण तो ड्रायव्हर उचलला, कारण वर्षानुवर्षं पारखलेला होता. त्याच्या पोटातला दोनचा आकडाही सोबत आला. पदरी पडलं आणि पवित्र झालं.”

“पण आपण चाचण्या घेतल्या होत्या!”

“घेतल्या की. कुणावर? आपल्यावरच, कॅन्टीनमध्ये बसून. सगळे पंचविशी-तिशीतले. बारावीच्या मार्कांपासून पहिल्या प्रेमभंगापर्यंत सगळं चुटकीसरशी बाहेर!” इरफान हसला, आणि मग त्याचं हसू ओसरलं. “नावं, गावं, नोकरी, हे वरच्या कप्प्यांत असतं. ते म्हाताऱ्या डोक्यातही पटकन ओ देतं. पण माणूस घरात वावरायचा कसा, त्याच्या कपड्यांना वास कसला यायचा, ते फार आत असतं. या वयात ते काठी टेकत टेकत दाराशी येतं. येईपर्यंत आपण निघून गेलेलो असतो.”

शाल्मली करड्या पट्ट्याकडे बघत राहिली. बाबा तिथे होते. मेलेले नव्हते, फक्त त्यांना दाराशी यायला वेळ लागत होता.

दोघं गटप्रमुख दाभाडे सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. गाभा लिहिणाऱ्यांच्या जगात एक शिरस्ता आहे, तो सर पोथीसारखा पाळायचे. लोकांचं चालू असलेलं काही आपल्या हातानं बदलायचं नाही.

“आकडा बदलायचा नाही,” सर म्हणाले. “लाखो लोक त्यावर आज धडपणे बोलतायत, हिंडतायत. पण तो ड्रायव्हरच्या पोटात कोंबून ठेवलाय हे चूकच. बाहेर काढा त्याला. रुग्णालयं दाण्यासाठी गाभा बांधतात, तेव्हा एक प्रश्न येऊ दे, की कप्प्यासाठी किती थांबायचं. ज्या रुग्णालयाला वाटेल ते बदलेल. जे काही बोलणार नाही त्याला गृहीत आकडा मिळेल, तो जुनाच.”

“आणि चालू दाण्यात बदलता आला तर, सर? सकाळी एक आकडा, संध्याकाळी दुसरा?” शाल्मलीनं विचारलं.

“डोक्यात बसवलेल्या वस्तूची कळ बाहेरून फिरवता येऊ लागली तर उद्या कोण फिरवेल सांग बरं! नाही. गाभा बांधतानाच काय ते ठरायचं, मग त्याला मोहोर. बदल हवा तर नवा गाभा बांधा.” सर शाल्मलीकडे वळले. “आणि मदतीचा मजकूर लिहायला विसरू नकोस.”

हाही एक शिरस्ताच. गाभा बांधणाऱ्याला यंत्र शेकडो प्रश्न विचारतं. सगळ्यांची उत्तरं कुणा एकाला कळणं शक्य नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी समजुतीच्या असतात, आणि शेवटची ओळ ठरलेली. काही कळत नसेल तर अमुक म्हणा. बहुतेक माणसं वरचं काही वाचत नाहीत, शेवटच्या ओळीवर जातात आणि एंटर दाबून मोकळी होतात. शाल्मली स्वतःही हेच करत आली होती.

तिनं प्रश्न लिहिला, चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ ‘काही कळत नसेल तर’ इथंच सोडून दिली, नंतर बघू म्हणून. आणि नव्या गाभ्यात स्वतःच्या हातानं बारा सेकंद भरून तिनं आईसाठी बांधणी सुरू केली.

“बारा!” घरी हे ऐकून आईनं हातातली सुई खाली ठेवली. “शालू, रेडिओवर बारा सेकंद शांतता झाली असती तर केंद्र संचालक अनवाणी धावत आले असते. लोकांना वाटलं असतं लढाई सुरू झाली.”

“आई, त्या बंद कप्प्यांत बाबा आहेत.”

“बाबा मला ठाऊक आहेत की. सांगू का पुन्हा?” आईनं लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा सूर खाली आला. “हे बघ, मला काही कमी नाही. पण तुझं हे सुकलेलं तोंड मला बघवत नाही. कर तुझा प्रयोग. फक्त एक वचन दे. मी रेंगाळायला लागले, वाक्य अर्ध्यात सोडून बघत बसायला लागले, तर मला परत अशीच करायचं. ती ‘पांढरं, पांढरं’ म्हणणारी बाई मला पुन्हा व्हायचं नाही. घाबरले होते गं मी तेव्हा फार.”

शाल्मलीनं आईचा हात हातात घेतला आणि वचन दिलं.

नवा गाभा माणूस झोपलेला असतानाच चढवायचा असतो. आईनं दुपारी डोळा लावला, आणि तेवढ्यात जुना गाभा उतरून नवा चढला. नवा गाभा सुरू होताना जुन्या फुल्या पुसतो आणि एकेक दार पहिल्यापासून ठोठावतो. शाल्मली उशाशी बसून राहिली. खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगत होता, पुन्हा सैल पडत होता. आईच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सावकाश फिरत होती, घरभर कुणी दारं उघडत हिंडावं तशी.

आई जागी झाली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.

“पाणी…” आई म्हणाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. “पाणी नको. नळ. आल्या आल्या पाय धुवायचे… मागच्या नळावर. डावा आधी.”

“कोण, आई?”

 आईचे डोळे सावकाश दाराकडे गेले आणि तिथंच राहिले.

“लाखेचा वास यायचा बोटांना. पोस्टातली लाख… जेवताना सुद्धा. मी ओरडायचे. ते म्हणायचे, सगळ्या जिल्ह्याशी गोड बोलतेस, आमच्या वाट्याला ओरडाच.” आणि आई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आठ वर्षांचं रडू एकदम आलं. शाल्मलीनं तिला कुशीत घेतलं. दोघी किती वेळ तशा बसल्या होत्या कुणास ठाऊक, उठल्या तेव्हा दिवे लागले होते.

त्यानंतरचे दिवस शाल्मलीला पुढे आठवले ते कुणीतरी स्वप्नात दाखवल्यासारखे. घरातला वेळच बदलला. चहा कपात निवून जायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आईला काही विचारावं, आणि खाडीवरच्या होड्यांकडे बघत बसावं. भरतीचं पाणी आत शिरत शिरत पायरीशी यावं तसं उत्तर यायचं. विचारलं त्याहून वेगळं, पुष्कळ मोठं. बाबा खिडकीवर तिकिटं विकताना गल्ल्याखाली छोटा रेडिओ लावून ठेवायचे, आईचा आवाज आला की गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचं विसरायचे. आईचा घसा बसला त्या दिवशी ते आल्याचा काढा घेऊन सायकलवरून केंद्रावर पोचले होते. हे शाल्मलीला कधी कुणी सांगितलंच नव्हतं! धबधब्यासारखं बोलणाऱ्या आईनंसुद्धा नाही.

गॅलरीतलं वर्णन मात्र बंद पडलं. सकाळी आळी वर बघायची. बाई कठड्याशी उभ्या असायच्या, हातात कप, ओठ किंचित हललेले, नजर दूर. विनायक खोत एक दिवस खालून ओरडला, “काकी, आज हेल्मेट घातलंय हो! बातमी द्या!” बाईंनी त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. त्यांना बोलायचं होतं, पण शब्द निघेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती.

ग्रंथालयात दर रविवारी कुमुदिनीबाईंचं कथावाचन असायचं. त्या रविवारीही हॉल भरला होता. बाई छान वाचत होत्या, सावकाश, पण छान. मग एका वाक्यात सायकलच्या घंटीचा उल्लेख आला आणि त्या थांबल्या. पुस्तक उघडं, बोट ओळीवर, डोळे खिडकीबाहेर. आधी लोकांना वाटलं, वाचनातला विराम असेल. मग खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खाकरलं. मागून एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “पुन्हा सुरू झालं वाटतं बिचारीचं.” आणि व्यवस्थापकांनी, अगदी भल्या मनानं हो, टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या.

घरी आल्यावर आई चप्पल काढताना म्हणाली, “लोक टाळ्या वाजवत होते, शालू. मी अजून वाक्यात होते.”

शाल्मलीला रडूच कोसळलं. तिच्याच हातानं झालं होतं हे. “आई, मी तुला वचन दिलं होतं,” ती म्हणाली. “तू रेंगाळायला लागलीस तर तुला परत पहिल्यासारखी करायचं. जुना गाभा आहे माझ्याकडे. उद्या दुपारी तू झोपलीस की…”

आईनं तिचं मनगट धरलं. बोलायला वेळ लागला, पण मनगटावरची पकड मात्र तत्क्षणी घट्ट झाली होती.

“नको. परत नेऊ नकोस मला… तिथं ते नाहीत.”

सोमवारी दाभाडे सरांचा फोन आला. नवा गाभा संध्याकाळी सगळ्या रुग्णालयांकडे निघणार होता. सगळं तयार होतं. “फक्त मदतीची शेवटची ओळ रिकामी आहे,” सर म्हणाले. “आणि त्या जागी मी दोन लिहून टाकत नाहीये, शाल्मली. काल ग्रंथालयात मी होतो. त्याआधी तुझ्या आईला तुझ्या वडिलांसाठी रडताना दाखवलं असतंस, तर मी बारा म्हणालो असतो. आता मलाही कळत नाही. शिरस्ता गेला खड्ड्यात. तू प्रश्न काढलास, तूच लिही.”

तिनं इरफानला फोन लावला. “मी लिहिते, की काही कळत नसेल तर ज्याचा दाणा आहे त्याला विचारा.”

“वाक्य सुरेख आहे. पण उत्तराच्या खोक्यात आकडा लागतो. आकड्याशिवाय बांधणी पुढे सरकत नाही.”

“इरफान, दोन सेकंदवाल्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला काही कमी नाही. बारावालीला विचारलं तर ती म्हणते, परत नेऊ नकोस. दोघी शपथेवर खरं बोलतायत. मग विचारायचं कुणाला?”

“समोर जी असेल तिला.”

“आणि समोर कोण असेल, ते आपणच आधी खोक्यात भरून ठेवायचं!”

 “लोक एंटर दाबतील गं,” इरफान म्हणाला. “तू काहीही लिही, लाखो घरांत त्याच आकड्याचं माणूस उठून बसेल.”

शाल्मली लॅपटॉप घेऊन आईशेजारी पडवीत येऊन बसली. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि त्यांच्यामधून बगळे चालले होते. पडद्यावर रिकाम्या खोक्यात बारीक उभी रेघ लुकलुकत होती. तिनं आईला सगळं सांगितलं, काही न लपवता. मग विचारलं, “ज्यांना काही कळत नाही, त्यांना मी काय सांगू, आई?”

आई बगळ्यांकडे बघत राहिली. एक बगळा उडाला, दूर जाऊन बसला. शाल्मलीनं घाई केली नाही.

“ती बाई…” आई म्हणाली. “जिला वचन दिलंस. हुशार होती. लोक हसायचे तिच्या बोलण्याला. मला आवडायची ती.” पुन्हा बराच वेळ गेला. “काय सोडून बसलीय, ते तिला ठाऊक होतं का गं?”

“नव्हतं, आई. तिथपर्यंत दाणा कधी पोचलाच नव्हता.”

“हं.” आईनं मान हलवली. वाऱ्यानं तिचे पांढरे केस कपाळावर आले, ते तिनं सावकाश मागे सारले. “आणि मी? माझ्या हातून काय सुटलंय… ते मला तरी ठाऊक आहे का? सांग बघू. दोघींनाही ओळखणारी तू एकटीच.”

शाल्मलीनं लॅपटॉप बाजूला ठेवला. मांडीवर फोन थरथरत होता, दाभाडे सरांचं नाव दिसत होतं. खोक्यातली रेघ लुकलुकत होती. आईनं फोन उचलून पालथा ठेवला आणि तिच्याकडे वळून बसली.

“सावकाश सांग,” आई म्हणाली. “मी थांबते.”